नाताळचा खर्च आणि बचत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसईत आमच्या धर्मग्रामातल्या (म्हणजे चर्चच्या पॅरिशमधल्या) महिला बचत गटाचा हिशेब मी बरीच वर्षं सांभाळते आहे. ऑक्टोबर सुरू झाला की फोनवर तेच तेच प्रश्न येऊ लागतात. वसईतून येतात, तसे अहिल्यानगर, पुणे, नाशिकहून येतात आणि गोव्यात किंवा आखातात असलेल्या आपल्या माणसांकडूनही येतात. ते सगळे इथे एका जागी ठेवले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. ताई, नाताळचं बजेट मांडायला सुरुवात कुठून करायची?

गेल्या वर्षीच्या खर्चापासून. आकडे आठवत नसतील तर नोव्हेंबर आणि डिसेंबरचं बँकेचं पासबुक आणि फोनवरच्या यूपीआयची यादी उघडा, तीनचतुर्थांश खर्च तिथेच सापडतो. रोख दिलेलं घरातल्या दोघातिघांनी मिळून आठवायचं: शिंपी, बेकरी, मटणवाला, कॅरल गाणाऱ्या पोरांना दिलेलं पाकीट, रिक्षा.

मग त्याचे चार भाग पाडा. खाणं, कपडे, भेटी आणि दान, प्रवास. सजावटीला वेगळा भाग लागत नाही, ती खाण्याच्या भागात टाकली तरी चालते. बहुतेक घरांत खाणं सगळ्यात मोठं निघेल असा अंदाज असतो. हिशेब लिहिल्यावर मात्र कपडे आणि प्रवास पुढे निघतात, आणि कात्री कुठे लावायची ते तेव्हाच कळतं.

२. बोनस दिवाळीला मिळतो आणि नाताळपर्यंत त्यातलं काहीच उरत नाही. काय करायचं?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि माझ्या मते आपल्या लोकांच्या नाताळची खरी अडचणही हीच आहे. महाराष्ट्रात सगळा बाजार आणि सगळ्या कंपन्या दिवाळीच्या वेळापत्रकावर चालतात. कायद्याप्रमाणे बोनस, ठरलेल्या पगारमर्यादेत, वार्षिक पगाराच्या किमान ८.३३ टक्के असतो आणि हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत द्यावा लागतो. मार्चअखेर वर्ष संपत असेल तर ३० नोव्हेंबरपर्यंत. मालक लोक तो दिवाळीला देऊन मोकळे होतात. आपला सण त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी. मधल्या काळात शेजारीपाजारी सगळे खरेदीला निघालेले, दुकानं सजलेली, मुलांना सुट्टी. आपणही फ्रीज बघायला जातो आणि घेऊनच येतो.

आमच्या गटातल्या बायकांनी यावर एक साधा नियम केला आहे. बोनस खात्यात आला त्याच दिवशी त्याचे दोन भाग करायचे. नाताळचा भाग ४५ किंवा ६० दिवसांच्या मुदत ठेवीत टाकायचा. व्याज किरकोळच मिळतं, पण व्याजासाठी हे करायचंच नाही. पैसा डोळ्यांसमोरून हलावा एवढाच हेतू. ठेव मोडायला बँकेत जावं लागतं किंवा फोनवर चार बटणं दाबावी लागतात, आणि तेवढ्या अडथळ्याने पुष्कळ खरेदी टळते. मुदत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपेल अशी निवडा. २३ तारखेला हातात आलेला पैसा महागच पडतो. का ते प्रश्न ५ मध्ये आहे.

आमच्या घरी पूर्वी बोनसची रक्कम कपाटात पाकिटात ठेवायचो. पाकिटावर "नाताळ" असं लिहिलेलंही होतं. डॉक्टरचं बिल, वर्गणी, गॅस असं एकेक करत ते पाकीट दर वर्षी १० डिसेंबरच्या आधीच रिकामं व्हायचं. बँकेत ठेवायला लागल्यापासून हे थांबलं.

३. मला बोनस मिळत नाही. दर महिन्याला थोडं थोडं कुठे टाकू?

बँकेच्या आवर्ती ठेवीत. पुष्कळ बँकांत ती सहा महिन्यांपासून पुढे काढता येते, नेमकी किती महिन्यांची मिळते ते बँकेत विचारून घ्या. दहा महिन्यांची मिळाली आणि जानेवारीत सुरू केली तर नोव्हेंबरमध्ये पैसे हातात. महिना १,५०० टाकले तर १५,००० मुद्दल आणि वर थोडं व्याज. चार माणसांच्या घराला खाणं आणि कपडे मिळून एवढ्यात बसवता येतं.

पोस्टाची आवर्ती ठेव चांगली आहे, पण ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षं झाल्याशिवाय मोडता येत नाही. नाताळसाठी ती कामाची नाही, मुलीच्या शिक्षणासाठी ठेवा.

पतपेढीबद्दल हमखास विचारलं जातं, कारण ती गल्लीत असते आणि अर्धा टक्का जास्त देते. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, मुद्दल आणि व्याज धरून, प्रत्येक बँकेत वेगळा. सहकारी बँकांनाही तो लागू आहे. पतपेढीतल्या ठेवीला हा विमा नसतो. नावात सहकारी दोघांच्याही असतं, म्हणून घोळ होतो. आमच्या वसईत १९१८ पासून बसीन कॅथलिक बँक आहे, तेव्हा सहकार आम्हाला नवा नाही. पण बँक कुठली आणि पतसंस्था कुठली, हे पैसे टाकण्याआधी विचारून घ्या.

४. आमच्या चाळीत नाताळची भिशी आहे. त्यात टाकू का?

भिशी बारा बायकांची असेल, सगळ्या एकमेकींना ओळखत असतील आणि दर महिन्याला सगळ्यांसमोर चिठ्ठी निघत असेल तर ती सवय म्हणून चांगली. तरीही दोन गोष्टी बघा. पहिली, तुमची चिठ्ठी कधी निघेल याचा भरवसा नाही. मार्चमध्ये निघाली तर ते पैसे नाताळपर्यंत टिकवायचा प्रश्न पुन्हा आलाच. काही गटांत ज्यांना नाताळसाठी हवेत त्यांना नोव्हेंबरचा हप्ता ठरवून देतात, तसं आधी बोलून घ्या. दुसरी, एका माणसाकडे पन्नास-शंभर लोकांचे पैसे जमा होत असतील आणि वर तो "दामदुप्पट", "सोन्याचं नाणं फुकट" असं काही सांगत असेल तर दूर राहा. चिट फंडाला १९८२ च्या कायद्याखाली नोंदणी लागते, आणि नोंदणी नसलेल्या ठेव योजनांवर २०१९ पासून बंदी आहे. आमच्या ओळखीत एका भिशीवाल्याने डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फोन बंद केला. पावती कुणाकडेच नव्हती, म्हणून पोलिसांकडे काय दाखवायचं हा प्रश्न पडला. वहीवर सही घेत चला, भिशी बहिणीची असली तरी.

५. कुठली वस्तू कधी घेतली तर स्वस्त पडते?

नाताळचा खर्च वस्तूंपेक्षा तारखांनी वाढतो. तेच बेदाणे, तेच कापड, तीच अंडी १५ डिसेंबरनंतर घ्यायला गेलात की घासाघीस करायला जागा राहत नाही, कारण दुकानदाराला माहीत असतं की तुम्हाला ते लागणारच आहे. आम्ही पाळतो ते वेळापत्रक सांगते.

सुका मेवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, दिवाळीची गर्दी होण्याआधी. मुंबईत मस्जिद बंदर किंवा क्रॉफर्ड मार्केटला चार घरांनी मिळून एकदाच जायचं, बेदाणे, काळी मनुका, टुटीफ्रुटी, काजू तुकडा किलोच्या हिशेबात घ्यायचे आणि घरी वाटून घ्यायचे. काजू अख्खा घेऊ नका. केकात आणि न्युऱ्यांत (आपल्या करंजीसारख्या) तो चिरूनच जातो, आणि तुकडा बराच स्वस्त मिळतो.

दिव्यांच्या माळा, रंगीत कागद, आकाशकंदिलाचं सामान दिवाळी संपली त्या आठवड्यात. दुकानदाराला उरलेला माल काढायचा असतो. पुण्याची मंडळी यासाठी बोहरी आळीत जातात.

कापड आणि शिलाई नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात (प्रश्न १०). मैदा, साखर, तूप, लोणी डिसेंबरच्या महिन्याच्या वाणसामानातच, वेगळी फेरी नको. मांस आणि अंडी प्रश्न ८ मध्ये.

२२ सप्टेंबर २०२५ पासून लोणी, तूप आणि बदाम, खजूर अशा सुक्या मेव्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, आणि केक, बिस्किटं, चॉकलेट यांच्यावरचा १८ वरून ५ टक्के. तेव्हा बेकरीचं पक्कं बिल मागा आणि कर किती लावला आहे ते वाचा.

६. केक घरी केलेला स्वस्त की विकतचा?

हिशेब करू. साधारण सव्वा किलोच्या फ्रूट केकला २५० ग्रॅम लोणी, २५० ग्रॅम साखर, २५० ग्रॅम मैदा, ४-५ अंडी आणि तीनेकशे ग्रॅम भिजवलेला मेवा लागतो. तुमच्या गावातल्या भावाने याची बेरीज करा आणि बेकरीतल्या तेवढ्याच वजनाच्या, तेवढ्याच मेव्याच्या केकशी तुलना करा. घरचा स्वस्तच निघेल. फक्त तुलना सारख्याची सारख्याशी करा. बेकरीचा स्वस्त प्लम केक बहुतेक वेळा रंगवलेली साखर आणि मूठभर टुटीफ्रुटी असतो, तो घरच्या केकशेजारी ठेवून महाग-स्वस्त ठरवता येत नाही.

घरचा केक महाग पडतो तो तीन चुकांमुळे. एक, एका केकसाठी नवा ओव्हन घेणं. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या भांड्यात, खाली मीठ किंवा वाळू पसरून, झाकण लावून मंद आचेवर केक उत्तम होतो. आमच्या आईने आयुष्यभर तसाच केला. नाहीतर मिश्रण टिनांत भरून बेकरीत न्या. मे महिन्यात आपण नानकटाई भाजून आणतो तशी भाजणावळ देऊन केकही भाजून मिळतो. मात्र नाताळच्या आठवड्यात भट्टी मोकळी नसते, १८ तारखेच्या आत नंबर लावा.

दुसरी चूक, मेवा भिजवायला महागडी रम आणणं. मेवा रमशिवायही भिजतो. संत्र्याच्या रसात थोडी दालचिनी आणि लवंग घालून मंद आचेवर पाच-सात मिनिटं उकळा, गार करा आणि दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवा. संत्र्यांचा मोसमही नेमका तेव्हाच असतो. सालं टाकू नका. आतला पांढरा भाग काढून ती पाकात शिजवली की केकात घालायची साल घरीच तयार होते, आणि ही बाजारात विनाकारण महाग मिळते. रसात भिजवलेला मेवा रमसारखा महिनोन्महिने टिकत नाही, म्हणून तो ऑक्टोबरात भिजवायचा नाही.

तिसरी चूक, आठ केक करणं. दोन करा, छोटे तुकडे कापा.

७. फराळाचं ताट किती घरांना द्यायचं? यादी दर वर्षी वाढतेच आहे.

यादी वाढते ही आनंदाची गोष्ट आहे, तेव्हा ती कमी करा असं मी कुणाला सांगणार नाही. दिवाळीत आपल्याकडे चकली, लाडू, अनारसे येतात. त्याची परतफेड नव्हे, पण तो आपला वाटा असतो. कमी करायचे ते पदार्थ. ताटात नऊ जिन्नस हवेत असं कुठे लिहिलेलं नाही. आमच्याकडे कलकल, न्युऱ्या, खजुराचे रोल, मिल्क क्रीम (दुधाची मिठाई), मार्झिपान, डोदोल, पेराद, केक आणि वर करंज्या-शंकरपाळ्या असं सगळं व्हायचं. आता आम्ही पाच करतो.

पाच निवडताना खर्च असा बघायचा. कलकल सगळ्यात स्वस्त: मैदा किंवा रवा, नारळाचं दूध, साखर, तेल. मेहनत मात्र भरपूर. कंगव्यावर किंवा काट्यावर एकेक वळायचं, म्हणून सगळं घर एकत्र बसतं, आणि माझ्या आठवणीतला नाताळ म्हणजे ती संध्याकाळच आहे. कलकल कधीही वगळू नका. शंकरपाळ्याही स्वस्त, डबाभर होतात. पेराद म्हणजे पेरूची वडी, झाडाचे पेरू असतील तर फक्त साखर आणि ढवळणारे हात. डोदोलला नारळ खूप जातात, गूळही, आणि तास न् तास गॅस जळतो. तो एका घराने मोठ्या पातेल्यात करावा आणि बाकीच्यांनी वाटून घ्यावा. मार्झिपान काजू किंवा बदामाचं, म्हणून सगळ्यात महाग. साच्यात छोटे आकार पाडा आणि प्रत्येक ताटात दोनच ठेवा. ते दिसतात छान आणि दोनच पुरतात.

आम्ही चार घरं मिळून वाटणी करतो. एका घरात कलकल, दुसऱ्यात न्युऱ्या, तिसऱ्यात डोदोल, चौथ्यात मिल्क क्रीम. तळणाचं तेल चार कढयांऐवजी दोन कढयांत भागतं, आणि उरलेलं तेल पुन्हापुन्हा तापवायची पाळी येत नाही. सामानाचे पैसे समान वाटून घ्यायचे, मजुरी कुणी कुणाला लावायची नाही.

ताट चांदीच्या वर्खाच्या डब्यात द्यायची नवी पद्धत आली आहे. स्टीलच्या ताटलीवर घरचा विणलेला रुमाल टाकून द्या. ताटली परत येते, सहसा काहीतरी घेऊनच.

८. मटण, डुकराचं मांस, अंडी: २४ तारखेला रांगेत उभं राहून जास्त पैसे द्यावे लागतात. यावर काही उपाय?

आहे, आणि तो आपल्या जुन्या स्वयंपाकातच आहे. सोरपोतेल, विंदालू हे व्हिनेगरचे पदार्थ, मुरल्यावरच लागतात. त्यांचं मांस १९-२० तारखेला आणून शिजवून ठेवायचं आणि रोज एकदा नीट उकळी काढायची. २५ तारखेला ते जास्त चविष्ट असतं आणि तुम्ही रांगेत नसता. ताजं हवं ते फक्त बिर्याणीचं किंवा भाजायच्या कोंबडीचं. त्यासाठी आठवडाभर आधी सांगून भाव ठरवून घ्या. अंड्यांचा भाव थंडीत चढतोच. तीन आठवड्यांपर्यंत ती फ्रीजमध्ये चांगली राहतात, तेव्हा केकासाठी लागणारा ट्रे डिसेंबरच्या सुरुवातीलाच घ्या.

९. गोठा, चांदणी आणि झाड यांवर कमीत कमी किती खर्च येतो?

गोठ्यातल्या, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यातल्या, मूर्ती एकदाच घ्यायच्या असतात. प्लास्टरच्या मूर्तींचे कान-हात तुटतात, ते रंगवून जोडता येतात, नवा संच लागत नाही. हिरवळीसाठी दुकानातलं रंगवलेलं गवत घेऊ नका. पसरट डब्यात माती घालून १३-१४ तारखेला नाचणी पेरा, नाताळपर्यंत खरी हिरवी शेतं उभी राहतात. मूठभर नाचणीत काम होतं आणि मुलं रोज पाणी घालतात. पेंढा शेतकऱ्याकडे फुकट मिळतो.

चांदणी बांबूच्या काड्यांची करा, दिवाळीचा आकाशकंदील करता येणाऱ्या कुणालाही ती जमते. झाड कुंडीतलं असेल तर वर्षानुवर्षं तेच वाढवा. सुरूच्या फांद्या वापरणार असाल तर त्या स्वतःच्या वाडीतल्याच घ्या. किनाऱ्यावरच्या सरकारी बनातली फांदी तोडणं गुन्हा तर आहेच, शिवाय ती बनं वादळवारा अडवण्यासाठी लावलेली असतात.

१०. सगळ्यांना नवे कपडे घ्यायलाच हवेत का?

मुलांना हो. मोठ्यांनी ठरवावं. आगमनकाळात (नाताळआधीच्या चार आठवड्यांत) आपल्याकडे लग्नं सहसा होत नाहीत आणि २६ तारखेनंतर एकामागून एक सुरू होतात. म्हणून मध्यरात्रीच्या मिस्सेचा (चर्चमधल्या उपासनेचा) पोशाख आणि जानेवारीतल्या लग्नाचा पोशाख एकच असू द्या. शिंपी नोव्हेंबरच्या मध्यानंतर काम घेत नाही, आणि घेतलं तर जास्त पैसे लावतो. तयार कपडे घेत असाल तर दिवाळीनंतर जे सेल लागतात त्यांत घ्या, फक्त मुलांच्या मापात दोन बोटं जास्त ठेवा.

११. भेटवस्तूंचा खर्च कसा आवरायचा? ऑफिसात, सोसायटीत, नात्यात, सगळीकडे आता चिठ्ठ्या टाकतात.

चिठ्ठ्या टाकण्याची पद्धत खरं तर खर्च कमी करण्यासाठीच आहे: दहा जणांना दहा भेटींऐवजी एकाला एक. पण ऑफिसची एक, वाड्यातली एक, भावंडांची एक असं झालं की पुन्हा तेच. नात्यातल्या गटात रक्कम आधीच ठरवा, २०० म्हणजे २००, आणि ती मोडणाऱ्याला प्रेमाने अडवा. मोठ्यांच्या भेटी बंद करून फक्त बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायच्या असं पुष्कळ कुटुंबांनी ठरवलं आहे, मला ते पटतं.

१२. गावी जायला तिकीट मिळत नाही, मिळालं तर परवडत नाही. काय करावं?

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे २३ डिसेंबरच्या गाडीसाठी २४ ऑक्टोबरला सकाळी ८ वाजता. ही तारीख दिवाळीच्या धांदलीत येते आणि लोक विसरतात. दिवस मोजायचे ते गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून. तुमच्या स्टेशनावर गाडी मध्यरात्रीनंतर येत असेल तर आरक्षण एक दिवस आधी उघडलेलं असतं. आरक्षण उघडतं त्या वेळी ऑनलाइन तिकिटासाठी आधार पडताळणी झालेलीच खाती चालतात, तेव्हा ते काम आधीच उरकून ठेवा. तत्काळ हा शेवटचा पर्याय: आदल्या दिवशी वातानुकूलितसाठी १० वाजता, इतरांसाठी ११ वाजता. तत्काळचं पक्कं तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत.

एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं, आणि ७५ च्या पुढच्यांना प्रवास मोफत. अहिल्यानगर, श्रीरामपूर, जालना अशा गावांना जाणाऱ्या कुटुंबांना यात मोठी बचत आहे. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच असते, गोव्याला जाताना हद्दीपुढचं तिकीट पूर्ण पडतं.

खाजगी बसवाले नाताळात तिप्पट मागतात. २०१८ च्या शासन निर्णयानुसार त्यांना त्याच मार्गावरच्या, त्याच प्रकारच्या एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. तिकिटाचा फोटो ठेवा आणि परिवहन कार्यालयाकडे तक्रार करा.

१३. आम्ही ख्रिस्ती नाही, पण गोव्याचा नाताळ बघायचा आहे. कमी खर्चात होईल का?

साधारण २३ डिसेंबर ते २ जानेवारी हे दिवस टाळलेत तर होईल. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेविअरचं फेस्त असतं, ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचं. ६ जानेवारीला तीन राजांचा सण रेइश मागूश, चांदर आणि कुएलीमला होतो. तोपर्यंत गोठे आणि चांदण्या जागेवरच असतात, आणि खोल्यांचे भाव उतरलेले असतात. एका रात्रीचं भाडं ७,५०० पर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्यावर गेलं की १८, म्हणून ७,८०० ची खोली घेण्याआधी विचार करा. मिस्सेला गेलात तर मागे बसा आणि फोन खिशात ठेवा, सगळे तुमचं स्वागत करतील.

१४. गोव्यात दारू स्वस्त आहे. येताना नाताळसाठी दोन बाटल्या आणल्या तर?

आणू नका. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली परवानगीशिवाय गोव्याची एक बाटली आणणं हाही गुन्हा आहे. गोव्याच्या हद्दीजवळच्या इन्सुली नाक्यावर डिसेंबरात कसून तपासणी होते, आणि दारूसोबत गाडीही अडकते. वाचलेल्या काहीशे रुपयांसाठी सणात कोर्टाच्या फेऱ्या लागतात.

१५. बिनव्याजी हप्त्यावर टीव्ही मिळतो आहे. घेऊ का?

व्याज किमतीतच धरलेलं असतं. रोख घेतलं तर किती सूट, हे दुकानात विचारा, तो फरक म्हणजेच व्याज. शिवाय प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी बहुतेक वेळा तुमच्याच माथी येतो. हप्ता चुकला तर क्रेडिट कार्डाचं व्याज लागतं. ते महिन्याला साडेतीन टक्के असेल तर वर्षाला ४२ टक्के. टीव्ही जानेवारीतही मिळतो, २६ जानेवारीच्या सेलमध्ये कदाचित कमी भावात. सणाच्या खाण्या-कपड्यांसाठी तर कार्डावर उधारी नकोच.

१६. नवरा आखातात आहे, नाताळचे पैसे तिकडून येतात. कधी मागवायचे?

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. २५ ला इथल्या बँका बंद, त्याआधी शनिवार-रविवार आला तर पैसे अडकतात आणि तुम्ही उसनवारीवर खरेदी करता. पाठवताना नुसतं शुल्क बघू नका, "शुल्क शून्य" म्हणणारे दरात काढून घेतात. इथे शेवटी किती रुपये जमा होणार, हा एकच आकडा दोन-तीन ठिकाणी विचारा. नवरा, आईवडील, भावंडं यांच्याकडून आलेल्या पैशावर आयकर नाही. मित्राने पाठवले आणि वर्षभरात अशी एकूण रक्कम ५०,००० च्या वर गेली तर मात्र ती उत्पन्नात धरली जाते.

१७. या वर्षी घरात मयत झाली आहे. किंवा नोकरी गेली आहे. मुलांसाठी काय करायचं?

मयत असलेल्या घरी आमच्याकडे त्या वर्षी गोडधोड करत नाहीत, शेजारी आणून देतात. ते घ्या, संकोच करू नका. नोकरी गेली असेल तर तेच शेजाऱ्यांना कळतं असं नाही, आणि सांगायला जड जातं. जवळच्या एका घराला तरी सांगा. बहुतेक धर्मग्रामांत अशा वेळी मदतीसाठी गट असतात, ते नाव बाहेर जाऊ देत नाहीत. मुलांना आठ-नऊ वर्षांपासून पुढे खरी परिस्थिती सांगितलेली बरी. त्यांना गोठा, कलकल आणि मध्यरात्री जागायला मिळालं की ती खूश असतात, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. आणि या वर्षी कर्ज काढून सण करू नका, प्रश्न १५ पुन्हा वाचा.

१८. हात आखडता आहे, मग दानही कमी करायचं का?

रक्कम कमी करा, बंद करू नका. माझं मत विचाराल तर दानाचा भाग बजेटात सगळ्यात आधी लिहावा, म्हणजे तो उरल्यासुरल्यातला होत नाही. धान्य, कपडे, मुलांची पुस्तकं हेही दानच. फोनवर अनाथाश्रमाच्या नावाने येणाऱ्या अनोळखी दुव्यांवर मात्र पैसे टाकू नका. फसलात तर लगेच १९३० वर कळवा, जितका उशीर तितके पैसे परत मिळणं अवघड.

१९. आज १२ डिसेंबर आहे आणि मी काहीच केलेलं नाही. आता काही वाचेल का?

वाचेल. आजच नाचणी पेरा. केकासाठी संत्र्याच्या रसाची पद्धत घ्या (प्रश्न ६). तीन घरं गाठा आणि फराळ वाटून घ्या (प्रश्न ७). मटणवाल्याला आजच सांगून ठेवा. मोठ्यांचे कपडे या वर्षी सोडा. हातात जी रक्कम आहे तिचे चार भाग कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा आणि प्रत्येक खर्च तिथे लिहा. सोसायटीतल्या कुणी नवी चिठ्ठी काढली तर या वर्षी नको म्हणा.

मग २७-२८ डिसेंबरला बाजारात एक फेरी मारा. माळा, चांदण्या, केकचे टिन, रंगीत कागद निम्म्या भावात असतात. आणून, सुक्या डब्यात घालून, डब्यावर काय आहे ते लिहून माळ्यावर ठेवा. आणि जानेवारीच्या पहिल्या सोमवारी बँकेत जाऊन आवर्ती ठेवीचा फॉर्म भरून या.